विकणाऱ्याचे मौन

विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला किती सांगावे? त्याने विचारले तेवढेच, की जे विचारण्याचे त्याला सुचतही नाही तेही? हा प्रश्न आपल्याला गुरांच्या बाजारात भेटतो, जुन्या मोटारसायकलीच्या सौद्यात भेटतो, मुलगी पाहायला आलेल्या बैठकीतसुद्धा भेटतो. रोज भेटतो म्हणूनच त्याच्याकडे नीट पाहिले जात नाही. म्हणून आम्ही तो जरा दूरच्या बाजारात नेऊन पाहणार आहोत. बाजार पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कचा. माल म्हणजे तीनचारशे वर्षांपूर्वी ओतलेल्या कांस्याच्या लहान लहान पुतळ्या. आणि विकणारा असा, की त्याच्या हयातीत त्याच्यापेक्षा मोठा कलावस्तूंचा व्यापारी युरोप-अमेरिकेत दुसरा मानला जात नव्हता.

पहिला आक्षेप आम्हांला इथूनच ऐकू येतो. पुतळ्यांशी आपला काय संबंध? सजीवाची मूर्ती घडवणे आणि विकणे बहुसंख्य उलेमांनी नाजायज ठरवले आहे, आणि त्या मसल्यात शिरण्याचा आमचा वकूब नाही. पण गंमत अशी, की ज्या कारागिरापासून आम्ही सुरुवात करणार आहोत त्याच्या पंथातही मूर्तीचा संशय कमी नव्हता.

त्याचे नाव बार्तेलेमी प्रिअर. सोळाव्या शतकातला फ्रेंच शिल्पकार, आणि धर्माने प्रॉटेस्टंट. या पंथाचा फ्रान्समधील मोठा गुरू कॅल्व्हिन याने चित्र-शिल्पाची कला ही ईश्वराची देणगी आहे असे मान्य केले होते, पण ईश्वराचे रूप घडवायला आणि प्रार्थनास्थळात प्रतिमा ठेवायला त्याचा कडक विरोध होता. १५६२ साली या पंथाच्या लोकांनी फ्रान्समधल्या कितीतरी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या. त्याच पंथातला हा माणूस मूर्ती घडवून पोट भरत होता. कुणासाठी? सेनापती मोंमोरांसी १५६७ साली प्रॉटेस्टंटांशी लढताना जखमी होऊन मेला. त्याचे हृदय ज्या स्मारकात ठेवायचे होते त्यासाठी शांती, न्याय आणि समृद्धी अशा तीन कांस्यमूर्ती प्रिअरने घडवल्या. त्या आज लूव्र संग्रहालयात आहेत. शत्रूच्या हृदयाभोवती शांती आणि न्याय उभे करणाऱ्या त्या कारागिराच्या मनात काय चालले असेल, याचा विचार करीत आम्ही बराच वेळ घालवला आहे.

१५८५ साली राजाने फर्मान काढले, की प्रॉटेस्टंटांनी एकतर कॅथलिक व्हावे, नाहीतर राज्य सोडावे. प्रिअरची राजदरबारची नोकरी गेली. तो पॅरिस सोडून सेदांला, आपल्या पंथाच्या सरदाराच्या आश्रयाला गेला. एक शब्द बोलला असता, किंवा नुसते गप्प राहून रविवारी कॅथलिक चर्चमध्ये जाऊन उभा राहिला असता, तर नोकरी वाचली असती. त्याच काळातला प्रसिद्ध कुंभार बेर्नार पालिसी असाच पंथ न सोडल्यामुळे बास्तिलच्या तुरुंगात १५९० च्या सुमारास मेला. प्रिअरचे दिवस मात्र फिरले. १५९१ साली चौथ्या हेन्रीने त्याला राजशिल्पी नेमले. पुढे दोनच वर्षांनी खुद्द राजा कॅथलिक झाला, हा भाग निराळा. प्रिअर १६११ साली वारला.

मोठी कामे त्याने पुष्कळ केली, पण आमचा विषय त्याच्या लहान पुतळ्यांचा. वेणी घालणारी बाई. पायातला काटा काढणारी बाई. हातांवर उलटा उभा राहिलेला डोंबारी. राजा आणि राणी ज्युपिटर आणि जूनो या रोमन देवदेवतांच्या वेषात. या पुतळ्यांवर तो सहसा आपले नाव घालीत नसे. आणि नाव नाही म्हटल्यावर दुसऱ्या कुणाचे तरी नाव चिकटायला वेळ लागत नाही. पुढची दोन-तीनशे वर्षे या फ्रेंच पुतळ्या हातोहात फिरल्या त्या बहुतेक इटालियन म्हणून. श्रीमंतांची ओढ इटलीकडे होती, फ्लॉरेन्सचे नाव लागले की वस्तूचे तेज वाढे. प्रिअरच्या मृत्यूनंतर त्याच्या घरातल्या सामानाची यादी करण्यात आली होती, तशी रीतच होती. त्या जुन्या यादीत पुतळ्यांची वर्णने होती. विसाव्या शतकात अभ्यासकांनी ती यादी आणि या पुतळ्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा कुठे एकेक पुतळी आपल्या बापाच्या घरी परत आली. जो माणूस आपल्या धर्माचे नाव लपवायला तयार झाला नाही, त्याची लेकरे तीन शतके परक्या नावाने विकली गेली.

आता या विक्रीत गुन्हेगार कोण? पुतळी तीच. वजन तेच, घडण तीच. बदलले ते फक्त नाव. आमच्या परिचयातला एक व्यापारी म्हणतो, "माल डोळ्यासमोर आहे, हात लावून बघा, पसंत असेल तर घ्या. यात फसवणूक कसली?" हा युक्तिवाद फार जुना आहे. त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले आणि त्यांनी ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले बोटांना ओले लागले. विक्रेत्याला विचारले, हे काय? तो म्हणाला, पाऊस लागला. मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, आणि फसवणारा आपला नव्हे अशा अर्थाचे कडक शब्द उच्चारले. सहीह मुस्लिममधली ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी मदरशात ऐकलेली असते. पण त्या विक्रेत्याकडे पुन्हा एकदा पाहावे. तो एक शब्दही खोटे बोललेला नाही. धान्य कोरडे आहे असे त्याने म्हटले नव्हते. विचारल्यावर खरे ते सांगून टाकले. पाऊसही त्याने पाडला नव्हता. त्याचा गुन्हा एवढाच, की कोरडे वर आणि ओले खाली अशी मांडणी केली आणि गप्प बसला. मांडणी हीच त्याची जबान होती.

उर्दूत आम्ही मुलांना 'ऐब' शिकवतो. मराठीत त्याला शब्द आहे 'खोट'. खोट म्हणजे धातूतली भेसळ, मालातले वैगुण्य. आणि त्याच्या शेजारीच 'खोटे' उभे आहे. मराठी भाषेने वैगुण्य आणि असत्य एकाच घरात नांदवले, हे आम्हांला त्या हदीसवरचे भाष्यच वाटते. मालातली खोट झाकली, की तोंड न उघडताही माणूस खोटे बोलतो.

कांस्याच्या पुतळीचे वैशिष्ट्य असे, की ती आतून पोकळ असते. मेणाचा पातळ थर, त्याच्या आत माती-प्लास्टरचा गाभा, बाहेरून साचा. तापवून मेण वितळवून काढायचे आणि त्या रिकाम्या जागेत तापलेले कांस्य ओतायचे. निवल्यावर साचा फोडायचा, छिन्नी आणि कानस घेऊन पृष्ठभाग साफ करायचा, वर रंग-रोगण चढवायचे. दुकानात गिऱ्हाईक पाहतो तो हा वरचा रंग. पण खरी साक्ष आत असते. आजचे जाणकार पुतळी हातात घेतली की आधी ती उलटी करून आत पाहतात. भिंत किती जाड आहे, मेण ओतलेले की थापलेले, गाभा धरून ठेवणाऱ्या खिळ्यांच्या खुणा कुठे आहेत, सारे तिथे दिसते. क्ष-किरणाने बाकीचे कळते. गाभ्याची माती थोडी उरली असेल तर ती तापवून, पूर्वी केव्हा भाजली गेली होती याचा अंदाजही बांधता येतो. आणि एक तयार पुतळी घेऊन तिच्यावरूनच साचा काढून दुसरी ओतली असेल, तर ती दुसरी मूळ पुतळीपेक्षा किंचित लहान निघते, कारण धातू निवताना आकसतो. बाहेरून पाहणाऱ्याला सुतराम शंका येणार नाही, पण मोजपट्टी सांगते. हे सगळे वाचताना आम्हांला राहून राहून धान्याच्या ढिगात गेलेला तो हातच आठवत होता.

इथे एक गोष्ट साफ केली पाहिजे. नक्कल करणे हा गुन्हा नव्हे. पॅरिसमध्ये १८३८ साली बार्बदिएन नावाच्या गृहस्थाने कोला या यंत्रज्ञाच्या भागीदारीत कारखाना काढला. कोलाच्या यंत्राने मोठ्या शिल्पाची हुबेहूब लहान प्रतिकृती काढता येई. त्यांनी अशा प्रतिकृती उघड विकल्या आणि त्यांवर आपल्या कारखान्याचे नाव आणि यंत्राचा शिक्का घातला. मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात कला आली, कुणाचे काही बिघडले नाही. गुन्हा सुरू होतो तो कुणीतरी कानस घेऊन तो शिक्का घासून टाकतो तेव्हा. त्याहून जुना दाखला चौदाव्या लुईचा. त्याने आपल्या संग्रहातल्या प्रत्येक कांस्यावर यादीतला क्रमांक कोरून घेतला होता. राजे गेले, क्रांती झाली, पुतळ्या देशोदेशी पांगल्या. पण कोरलेला आकडा राहिला, आणि आजही एखादी पुतळी कुठे उगवली तर तो आकडा तिची ओळख पटवतो. राजाने तो आकडा मालकी दाखवायला कोरला होता, पण आज तो साक्षीदाराचे काम करतो.

आता व्यापाऱ्याकडे येऊ. जोसेफ ड्युवीन १८६९ साली इंग्लंडमधल्या हल या बंदरात जन्मला. त्याच्या घराण्याच्या पेढ्या लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्कला होत्या. युरोपातल्या सरदारांकडे कला होती, अमेरिकेतल्या कारखानदारांकडे पैसा होता, आणि मध्ये ड्युवीन होता. १९१३ साली बँकर पियरपाँट मॉर्गन वारला. इटालियन, फ्रेंच, जर्मन अशा लहान कांस्यांचा त्याचा संग्रह विख्यात होता. त्यातली निवडक कांस्ये १९१६ साली ड्युवीनच्या हातून हेन्री क्ले फ्रिक या कोळसा-पोलादाच्या सम्राटाकडे गेली. त्याच्या न्यूयॉर्कमधल्या हवेलीचे पुढे संग्रहालय झाले आणि १९३५ पासून ती लोकांना खुली झाली.

हा सौदा नमुनेदार आहे. मॉर्गनच्या कांस्यांचा भारदस्त ग्रंथ १९१० मध्येच निघाला होता, आणि तो लिहिणारा होता बर्लिनच्या राजसंग्रहालयांचा प्रमुख विल्हेल्म बोडे. म्हणजे वस्तू मोठ्या माणसाच्या घरातली आणि नाव मोठ्या विद्वानाने दिलेले. पुढच्या पिढ्यांच्या अभ्यासकांनी यातल्या कित्येक कांस्यांवरची नावे बदलली. एकाच्या जागी दुसरा शिल्पकार आला, कधी गुरूच्या जागी शिष्य आला, कधी देशच बदलला. इथे आपण घाई करून व्यापाऱ्याला चोर म्हणू नये. बोडेला जे वाटले ते त्याने लिहिले, आणि छापील ग्रंथ समोर असता व्यापारी दुसरे काय सांगणार? न जाणता झालेल्या चुकीला कुणी दगाबाजी म्हणत नाही. फिकहमध्ये मात्र इथेही गिऱ्हाइकाची बाजू घेतली आहे. खरेदीपूर्वीची खोट नंतर उघडकीस आली, तर विक्रेत्याला ती ठाऊक असो वा नसो, माल परत करण्याचा अधिकार खरेदीदाराला राहतो. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. नियत साफ असली म्हणजे हिशेब आपोआप साफ होत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

बोडे प्रामाणिक होता, पण विद्वानाचा हट्ट कुठवर जातो हे त्याच्याच आणखी एका खरेदीवरून दिसते. ती वस्तू कांस्याची नव्हती, मेणाची होती. १९०९ साली त्याने बर्लिनसाठी फ्लोरा या देवीचा अर्धपुतळा घेतला तो लिओनार्दो दा विंचीचा म्हणून. लगेच इंग्लंडमधून एक म्हातारा पुढे आला. त्याने सांगितले की हा पुतळा आमच्या वडिलांनी, रिचर्ड कॉकल ल्युकसने १८४६ साली केला, आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पुतळ्याच्या पोकळीत पाहिले तर कापडाच्या चिंध्या कोंबलेल्या. बोडे म्हणाला, त्या नंतरच्या डागडुजीत गेल्या असतील. तो अखेरपर्यंत मागे हटला नाही. २०२१ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी मेणाचा काळ तपासून निर्वाळा दिला की वस्तू एकोणिसाव्या शतकातली आहे. हात आत घातला, ओले लागले, तरी धान्य कोरडेच म्हणणारा हा तिसराच प्रकार झाला.

ड्युवीनच्या बाबतीत खरा प्रश्न कांस्यांपाशी नाही, चित्रांपाशी येतो. इटालियन चित्रांचा त्या काळातला सगळ्यात मोठा पारखी बर्नार्ड बेरेन्सन. तो म्हणेल ते नाव चित्राला लागे आणि त्या नावावर किंमत ठरे. १९१२ साली ड्युवीनने त्याच्याशी गुप्त करार केला. इटालियन चित्रांच्या नफ्यात बेरेन्सनचा पंचवीस टक्के हिस्सा. हिशेबाच्या वहीत त्याचे नाव लिहायचे नाही म्हणून 'डोरिस' असे टोपणनाव ठेवले होते. गिऱ्हाईक समजत होते की हा तटस्थ साक्षीदार आहे, आणि साक्षीदार तर दुकानाचा भागीदार होता. बेरेन्सनने जाणूनबुजून खोटी नावे दिली असा सरसकट आरोप करणे अन्यायाचे होईल. १९३७ साली एका चित्राला ड्युवीनला हवे ते नाव द्यायला त्याने नकार दिला आणि त्यावरून दोघांचे फाटले. पण चतकोर हिस्सा पदरात असलेल्या माणसाच्या खऱ्या शब्दाचीही किंमत कमी होते, हे त्याला पंचवीस वर्षे कळले नसेल असे वाटत नाही.

इमाम गजाली (रह.) यांच्या 'इह्या'मध्ये कमाईच्या अदबीविषयी एक प्रकरण आहे. त्यात दोन गोष्टी आहेत, आणि त्या आम्हांला या बाजारासाठीच लिहिल्यासारख्या वाटतात. पहिली साक्षीदाराची. हजरत वासिला (रजि.) उभे असता एकाने तीनशे दिरहमांना उंटीण विकली. गिऱ्हाईक निघून गेले तेव्हा वासिलांचे लक्ष दुसरीकडे होते. भानावर आल्यावर ते धावत त्याच्यामागे गेले आणि विचारले, मांसासाठी घेतलीस की स्वारीसाठी? स्वारीसाठी म्हटल्यावर सांगितले, तिच्या खुराला भोक आहे, लांबचा पल्ला तिला झेपणार नाही. गिऱ्हाईक परत आले, विक्रेत्याला शंभर दिरहम कमी करावे लागले. तो चिडून म्हणाला, माझा सौदा बिघडवलास. वासिलांचे उत्तर असे होते, की प्रत्येक मुसलमानाचे भले चिंतण्याची बैअत आम्ही प्रेषितांच्या (स.) हातावर केली आहे. वासिला विकणारे नव्हते, घेणारे नव्हते, त्यांचा हिस्सा नव्हता. त्यांना फक्त ठाऊक होते. ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर सांगण्याची जबाबदारी येते, आणि सौदा बिघडला तरी येते. आम्ही बाजारात कितीदा 'आपल्याला काय करायचे आहे' म्हणून पुढे गेलो, याचा हिशेब केला तर मान खाली जाईल.

दुसरी गोष्ट बसऱ्याचे कापडवाले यूनुस बिन उबैद (रह.) यांची. त्यांच्या दुकानात चारशे दिरहमांची वस्त्रे होती आणि दोनशेची होती. ते नमाजला गेले, दुकानावर पुतण्या होता. एका बदूने चारशेवाले वस्त्र मागितले, पुतण्याने दोनशेचे दाखवले, बदूला पसंत पडले, तो चारशे मोजून निघाला. वाटेत यूनुस भेटले. त्यांनी आपले कापड ओळखले आणि किंमत विचारली. म्हणाले, याची किंमत दोनशेच्या वर नाही, परत चल. बदू म्हणाला, आमच्या मुलखात हे पाचशेला जाते आणि आम्ही राजी आहोत. तरीही त्याला परत आणून दोनशे दिरहम हातात दिले आणि पुतण्याला फैलावर घेतले. पुतण्याची बाजू काय होती? तो राजी होता, एवढीच.

सारा बाजार याच एका शब्दावर चालतो. राजी होता. फ्रिक राजी होता, मॉर्गन राजी होता, वर आणखी खूशही होते. आणि ग्राहक तरी काय मासूम होते? फ्रिकच्या होमस्टेड येथील पोलाद कारखान्यात १८९२ साली संप झाला तेव्हा त्याने खाजगी सशस्त्र पहारेकरी आणले, चकमकीत कामगार मेले. अशा माणसाला दोनशेची वस्तू चारशेला गेली तर कुणाचे हृदय पिळवटेल? आमचेही नाही. पण यूनुसांनी बदूला दोनशे परत केले ते बदू नेक होता म्हणून नव्हे. त्याच्या नेकीबद्दल गोष्टीत एक अक्षर नाही. ते दोनशे दिरहम यूनुसांचे नव्हते, एवढेच कारण पुरेसे होते.

आणखी एक आडवळण घेतल्याशिवाय राहवत नाही. ड्युवीन आणि बेरेन्सन दोघेही यहुदी घराण्यात जन्मलेले, हे वाचून कुणी आपल्यात मान डोलावील, 'म्हणजे तसेच' म्हणून. त्याने क्षणभर थांबावे. आपल्यातला एखादा भंगारवाला किंवा जमिनीचा दलाल लबाडी करतो तेव्हा पलीकडच्या गल्लीत अशाच माना डोलतात, आणि त्याचा दंश आपल्याला माहीत आहे. गजाली (रह.) यांनी ही उदाहरणे लिहिली ती बगदाद आणि खुरासानच्या मुसलमान दुकानदारांसाठी. त्यांना गरज नसती तर इमामसाहेबांनी शाई खर्च केली नसती.

ड्युवीनचा शेवटचा मोठा उद्योग सांगितला पाहिजे, कारण त्यात त्याचा सारा स्वभाव उतरला आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या पार्थेनॉनच्या ग्रीक शिल्पांसाठी त्याने नवे दालन बांधायला पैसा दिला. संगमरवर पांढरे शुभ्र दिसले पाहिजे हा त्याचा आग्रह. १९३७-३८ मध्ये कामगारांनी तांब्याच्या छिन्न्यांनी आणि घासण्याच्या खड्यांनी अडीच हजार वर्षांचा पृष्ठभाग खरवडला. ड्युवीन १९३९ साली वारला, शिल्पांचे खरवडलेले अंग तसेच राहिले. इथे त्याने कुणाला काही विकले नव्हते, उलट दान केले होते. पण जन्मभर वरचा चकचकाट विकणाऱ्या माणसाला दान करतानाही वस्तूचे खरे अंग सहन झाले नाही.

आता स्वतःच्या दारात आलेच पाहिजे, नाहीतर दूरच्या बाजारात हिंडणे ही नुसती चैन ठरेल.

आमच्या आजीची तांब्याची एक मोठी देग होती. मुहर्रमचा खिचडा, अकीके, वलीमे, सारे तिच्यात शिजले. आजी गेल्यावर ती माळ्यावर पडून होती. बुडाला एका बाजूस चीर गेली होती आणि तिला डाग दिलेला होता. मोठ्या आचेवर डाग किती दिवस टिकेल याची खात्री नव्हती, हे घरात सगळ्यांना माहीत होते. २०१६ साली घराच्या दुरुस्तीसाठी पैशांची निकड होती. मोडीच्या भावाने देगेचे साडेतीन हजार येत होते. तेवढ्यात ओळखीतला एक भटारी देग शोधतो आहे असे कळले. आम्ही कल्हईवाल्याला बोलावले. त्याने आतून-बाहेरून अशी कल्हई केली की देग चांदीची दिसू लागली. डाग कुठे आहे हे आम्हांलाही बोटाने चाचपल्याशिवाय सापडेना. भटारी आला, त्याने देग वाजवून पाहिली, आजीची आठवण काढली, तिच्या हातच्या खिचड्याचे कौतुक केले आणि सहा हजार मोजले. त्याने बुडाचे काही विचारले नाही. आम्ही काही सांगितले नाही. घरातल्या एका वडीलधाऱ्याने नंतर म्हटलेही, की राजी होता, खुशीने घेऊन गेला. मधले अडीच हजार आम्ही सिमेंटमध्ये घातले.

त्याच वर्षी आम्ही सातवीच्या वर्गाला धान्याच्या ढिगाची ती हदीस समजावून सांगितली होती. एका मुलाने विचारले होते, "सर, त्या माणसाने मग ओले धान्य वर काढले का?" हदीसमध्ये तसे आलेले नाही, एवढेच उत्तर आम्ही दिले.

भटाऱ्याशी नंतर अनेकदा गाठ पडली. लग्नात, दफनविधीला, मशिदीच्या पायऱ्यांवर. त्याने कधी विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही. मागच्या रमजानमध्ये इफ्तारीचे जेवण सांगायला त्याच्या भट्टीवर गेलो. भांडी घासून भिंतीला लावून ठेवली होती. आजीची देग त्यांत पालथी होती, बुड वर. कल्हई केव्हाच उडून गेली होती. जुन्या डागाच्या शेजारी नवा डाग होता, त्याच्या पलीकडे आणखी एक. आम्ही ते पाहतो आहोत हे त्याने पाहिले. मग त्याने पोराला हाक मारून आमच्यासाठी खुर्ची आणायला सांगितली आणि विचारले, किती माणसांचे जेवण करायचे आहे.